आठ दिवसांत कंपनी

ती घटना आजही आठवली की बसल्या जागी माझे पाय जीपकडे धाव घेतात. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती आणि मी श्रीरामपूरला फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत होतो, तेवढ्यात एक बाई ठाण्याच्या पायऱ्या तरातरा चढून आली.

"साहेब, कंपनी काढायला मशीन न्ह्यावं लागतं व्हय?"

मला प्रश्नच कळला नाही. बाईंना बसवलं, पाणी दिलं, तेव्हा उलगडा झाला. त्यांचा नवरा फिटर. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याचा भागीदार मुसलमान टर्नर, त्याला भाई. पत्र्याच्या शेडमध्ये दोघांचा मिळून एक लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र. जवळच्या साखर कारखान्याचं वर्षभराचं काम त्यांना मिळणार होतं, पण अट अशी की हंगामाआधी रीतसर कंपनी नोंदवलेली हवी. नोंदणी मुंबईच्या कचेरीत, तिथे महिनोन् महिने जायचे. अशात बाजारपेठेत एका साहेबानं खोली घेऊन ऑफिस थाटलं आणि आठ दिवसांत कंपनी करून देतो म्हणाला. मात्र मशीन नगरला सरकारी तपासणीला न्यावं लागेल, दोन दिवसांत परत येईल. ट्रक त्याच दुपारी येणार होता.

"हे दोघं खुशीनं येडे झालेत. मला म्हणत्यात, तुला काय कळतंय कायद्यातलं! पर मशीन गेलं तर आमी खायाचं काय?"

कंपन्यांचा कायदा मलाही फारसा ठाऊक नव्हता. पण लेथला गावोगाव हिंडवणारं सरकार मी काही पाहिलं नव्हतं. वर्दी उतरवली, धोतर-टोपी चढवली आणि मिस्त्रीचा मेव्हणा बनून त्याच्याबरोबर त्या ऑफिसात गेलो. मिस्त्री रुसूनच बरोबर आला होता.

टेबलामागे टाय लावलेला साहेब, दाराशी खाकीतला शिपाई. साहेब फर्डं इंग्रजी फेकत होता. शिपाई पाण्याचे पेले घेऊन आत आला आणि साहेब खुर्चीतून अर्धवट उठला. क्षणभरच, लगेच सावरून बसला. वरिष्ठ आले की मी स्वतः इतकी वर्षं तसाच उठत आलो होतो. गुडघ्यांची ती सवय मला नेमकी ओळखू आली.

पण अर्धवट उठणं हा काही गुन्हा नव्हे. बाहेर येऊन मी मिस्त्रीला म्हणालो, "ट्रक भरू दे."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "साहेब, त्ये मशीन म्हंजे आमचे दोन्ही हात हायत."

"माझ्यावर सोड," मी छातीठोक सांगितलं. 

दुपारी लेथ ट्रकवर चढला. साहेब आणि शिपाई ड्रायव्हरशेजारी बसले. ट्रक नगरचा रस्ता सोडून वैजापूरच्या दिशेला वळला, लबाडी उघडी पडली आणि मी आनंदानं ओरडलोच. पण गोदावरी ओलांडली की जिल्हा बदलणार, आमची हद्द संपणार. आमची जीप नेमकी तेव्हाच हटून बसली. ठाण्याचे दोन पोलीस, मिस्त्री आणि भाई यांनी ढकलत तिला पेठेच्या टोकापर्यंत नेलं, तेव्हा कुठे ती खोकली आणि सुटली. नदी दिसायला लागली आणि पुढे रस्ताभर मेंढरं! ट्रक त्यांत अडकून हॉर्न वाजवत उभा होता. त्या धनगराला मी मनातून सॅल्यूट ठोकला.

साहेब आणि शिपाई दोघांना ट्रकसकट ठाण्यात आणलं आणि चौकशी सुरू झाली. वेगवेगळं बसवून विचारलं, तरी दोघांचं एकच पालुपद: आम्ही नोकर, मालक मुंबईला. शेवटी मी दोघांना समोर उभं केलं, मध्ये एक खुर्ची ठेवली आणि म्हणालो, "तुमच्यातल्या साहेबांनी बसावं."

टायवाला जागचा हलला नाही. त्यानं शिपायाकडे पाहिलं. शिपायानं डोळे मिटून घेतले आणि तिथेच बिंग फुटलं. टायवाला हा नाटकातला नट होता. मालक, डोकं, सगळं त्या शिपायाचं. आणखी दोन गावांतून उचललेली मशीनंही त्यानंच दाखवली.

"शिपायाचं सोंग कशाला?" मी विचारलं.

"शिपायासमोर लोक मनातलं बोलतात, साहेब."

ठाण्यात पेढे वाटले गेले. बाई मात्र आवारातल्या लेथला हात लावून उभ्या होत्या. हवालदार त्याला मुद्देमालाची चिठ्ठी चिकटवत म्हणाला, "आता हे खटला संपल्यावर मिळेल."

"म्हंजे चोराला जमलं न्हाई ते तुमी केलं व्हय!" बाई कडाडल्या.

मी हातातला पेढा खाली ठेवला. पंचनामा पुरा करून मी तडक कोर्ट गाठलं. मशीन जामिनावर मालकांना परत द्यावं, असा अर्ज दिला.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं, "फौजदार, एवढी घाई?"

"साहेब, कंपनी व्हायची आहे."

ते हसले आणि त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी लेथ शेडमध्ये परतला. एका वकिलांनी खरे कागद करून दिले, भाई ते घेऊन मुंबईला गेला आणि कचेरीच्या बाकावर मुक्काम ठोकून, निघालेल्या त्रुटी तिथल्या तिथे दुरुस्त करून घेत बसला. हंगामाआधी कंपनी झाली.

घाईत असलेल्या माणसाला मूर्ख समजू नये, हे मी तेव्हा शिकलो. त्याचं पोट त्या घाईत असतं. जिथे काम रेंगाळतं तिथेच ठग दुकान मांडतात. त्यानंतर माझ्या टेबलावरचा अर्ज मी उद्यावर ढकलला नाही.

उद्घाटनाला मला बोलावलं होतं. नारळ फुटला, लेथ फिरू लागला आणि माझं मन अगदी भरून आलं. शेडमध्ये एकच नवी खुर्ची होती. मला खोडी सुचली.

"मालकांनी बसावं," मी म्हणालो.

मिस्त्रीनं भाईकडे पाहिलं, भाईनं मिस्त्रीकडे. मग दोघांनी एकदमच बाईंकडे पाहिलं. बाईंनी पदराला हात पुसले आणि खुशाल बसल्या.

"बसले," त्या म्हणाल्या, "पर साहेबास्नी च्या कोन आनतंय?"

दोघे मालक एकदमच बाहेर पळाले.