दारातला ‘रा’

काल नातीला हायस्कुलात सोडायला गेले. वर्गाच्या दारातून बाई म्हणाल्या, “रा.” पोर टुणकन आत गेली. मी मात्र फाटकाशी खिळून राहिले.

आमचा जिल्हा आंध्रात गेला, त्या वर्षीची गोष्ट. बाबा मला वांकिडीहून तालुक्याच्या मोठ्या सरकारी हायस्कुलात घेऊन आले होते. “केवढी मोठी शाळा हाय, तू शिकशीन,” असं वाटभर बोलत होते. जुन्या मराठी मास्तरांची बदली झाली होती. फळ्यावर गोल गोल तेलुगू अक्षरं होती आणि नवे मास्तर पाठमोरे लिहीत होते. आमची चाहूल लागली तसे वळून न पाहताच म्हणाले, “रा.”

आमच्या बोलीत ‘रा’ म्हणजे राहा, थांब. आम्ही उंबऱ्याबाहेर थांबलो. फरशी तापली होती, पाय पोळत होते, आतून खडूचा वास येत होता. मास्तर पुन्हा म्हणाले, “रा, रा.” आवाज मऊ होता, पण बाबांचा चेहरा उतरला.

“चाल बाई. आपल्याले भाईरच ठेवून राह्यले हे. आपली नाई राह्यली आता हे शाळा.”

माझं शिक्षण त्या उंबऱ्याशीच थांबलं. बाबांचं त्या शाळेविषयीचं मत मरेपर्यंत बदललं नाही.

पुढच्या वर्षी बाजारात एका तेलुगू बाईनं आपल्या रांगत्या लेकराकडे हात पसरले. “रा, रा,” म्हणाली. लेकरू हसत तिच्या कुशीत शिरलं.

मास्तर आम्हाला ‘ये’ म्हणत होते.

बाबा शेजारीच कापसाचा भाव विचारत उभे होते. त्यांना मी हे कधीच सांगितलं नाही.