ठकठक अक्कांचा तिसरा ढीग

ठकठक अक्का समोर येईल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकत, कान जवळ नेत आणि निकाल देत. "चांगला." नाहीतर "खराब." तिसरा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

तंजावूरच्या राजवाड्यामागे आमच्या गल्लीत बाबांचं नारळाचं छोटं दुकान आहे. अक्का शेजारच्याच. रोज सकाळी येऊन त्या बाबांचा सगळा माल ठोकून जात, आणि गिऱ्हाइकं त्यांचा निकाल ऐकल्याशिवाय नारळ उचलत नसत. बाबा कुरकुरत, "अक्का, दुकान माझं आहे हो."

"दुकान तुझं रे. कान माझा."

नारळापुरतं हे ठीक होतं. पण त्यांची पुतणी पाहायला एक मुलगा मोपेडवरून आला, तेव्हा त्याने हेल्मेट काढायच्या आधीच अक्कांनी त्यावर दोनदा ठोकलं आणि "चांगला" म्हणून त्या कॉफी करायला आत गेल्या. लग्न तिथेच ठरलं. संसार सुखाचा चालला आहे, हे मला खरेपणाने लिहिलं पाहिजे.

मग अक्कांच्या गळ्याला गाठ आली. त्यांनी आधी तीही ठोकून पाहिली. आवाज आला नाही, म्हणून त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी थायरॉइडच्या त्या गाठीतून सुईने पेशी काढून तपासायला दिल्या, आणि रिपोर्ट माझ्याकडे आला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यातून प्राणिशास्त्र घेतलेली. त्यामुळे गल्लीतला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येई. मला सगळं कळत नाही, हे सांगायचा मला धीर होत नसे. तो कागद मी तीनदा वाचला.

"अक्का, यात लिहिलंय की पेशी बघून कॅन्सर आहे की नाही, ते सांगता येत नाही."

"कोणाला येत नाही? तुला की डॉक्टरला?"

"कोणालाच."

"मग कागद कशाला छापला?"

डॉक्टरांकडे त्या मला घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, "अर्धी थायरॉइड काढून तपासली की नक्की कळेल."

"आणि चांगली निघाली तर परत बसवाल?"

"तसं करता येत नाही, अम्मा."

"अय्यो! म्हणजे नारळ फोडून बघायचा. फोडल्यावर माकडालाही कळतं!"

डॉक्टर सोशिक होते. त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. पुन्हा सुईने थोड्या पेशी काढायच्या, लांबच्या लॅबमध्ये पाठवायच्या, आणि त्यांच्या जनुकांत कॅन्सरकडे नेणारे बदल आहेत का ते पाहायचं. नसले, तर गळा कापायची घाई नाही. अक्कांचा चेहरा उजळला. "हे बाहेरून ठोकणं झालं! सरी, चालेल. पण लॅबला कळतं का, ते आधी बघू. माझ्या नावावर दोन सॅम्पल पाठवा. एक माझं, एक हिच्या गळ्यातलं."

मी दोन्ही हातांनी गळा धरला. डॉक्टरांनी नकार दिला, तेव्हा कुठे सोडला.

रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत दुकानात एक तिसरा ढीग दिसू लागला. अक्का नारळ कानाशी धरत, पुन्हा पुन्हा ठोकत आणि तो बाजूला ठेवत. "हा सांगता येत नाही." ते ऐकल्यावर त्याला कोण हात लावणार? ढीग पायरीपर्यंत आला. बाबा रडकुंडीला आले.

"अक्का, यांचं करू काय?"

"थांब. रिपोर्ट येऊ दे."

"तुमचा रिपोर्ट आणि माझे नारळ, यांचा काय संबंध?"

"तेही सांगता येत नाही."

मला हसू यायचं. पण नारळ ऐकताना त्यांचा दुसरा हात गळ्याच्या गाठीवर असतो, हे दिसलं तेव्हापासून हसणं थांबलं.

रिपोर्ट आला तो मी दुकानातच वाचला. "संशय घ्यावा असा बदल सापडला नाही. धोका कमी आहे. ऑपरेशन आत्ता नको, पण दर वर्षी सोनोग्राफी करायची, असं डॉक्टरांनी खाली लिहिलंय."

"कमी म्हणजे नाही ना?"

हो म्हणावं असं फार वाटलं. "नाही, अक्का. कमी म्हणजे कमी."

अक्कांनी तिसऱ्या ढिगातला एक नारळ उचलला आणि न ठोकताच परत ठेवला. तेव्हा बाबा हळूच म्हणाले, "देवळातला नारळ आठवतो? तुम्ही चांगला म्हणालात. पुजाऱ्याने फोडला, तर आत काळा."

ही गोष्ट त्यांच्यासमोर काढायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती.

"एकदाच," अक्का म्हणाल्या.

"दोनदा."

"सरी, दोनदा. तरी रोज माझ्याकडूनच ठोकून घेता ना? मग त्या लॅबचंही तेवढं चालवून घेऊ. फोड तो ढीग."

दोन खराब निघाले, बाकीचे चांगले. गल्लीत आठवडाभर सगळ्यांकडे नारळाची चटणी होती. अक्का दर वर्षी सोनोग्राफी करून येतात. गाठ आहे तेवढीच आहे.

पदवी झाली आणि मला चेन्नईला प्रवेश मिळाला. निघायच्या सकाळी बाबा बॅग घेऊन पुढे गेले होते. मी अक्कांच्या पाया पडले आणि मनात डाचत होतं ते विचारून टाकलं. "अक्का, मला जमेल का तिथे?"

त्यांनी माझ्या डोक्यावर दोनदा ठोकलं. कान जवळ आणला. बराच वेळ ऐकलं.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या आणि माझे केस नीट केले. "जा. दर वर्षी येऊन दाखवून जात जा."