भागवतचं चांदीचं पाणी

भागवत गेल्याचा फोन आला तेव्हा मी टँकरचा पाइप हातात धरून उभा होतो. त्याच्या पुतण्यानं दोनच वाक्यांत सांगितलं... सकाळी, हार्ट अटॅक. मी ‘बरं’ म्हणालो आणि टाकी भरेपर्यंत तसाच पाइप धरून राहिलो. जिवाभावाचा माणूस गेल्यावर कोणी ‘बरं’ म्हणतं का? महिना उलटला, माझं मलाच अजून उमगलेलं नाही.

आम्ही एकाच कॉलेजात शिकवायचो. मी इतिहास, तो पदार्थविज्ञान. मूळचा पिशोरकडचा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातला. नोकरी लागल्यावर त्यानं मुकुंदवाडीत घर घेतलं, आईला आणलं आणि गच्चीवर उन्हानं पाणी तापवायच्या यंत्राचा उद्योग मांडला. साध्या सोलर बंबात आधी काळा पत्रा तापतो, मग त्याच्यामुळं पाणी. भागवतला मधला पत्राच नको होता. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक चांदीचे कण काचेच्या नळीतल्या पाण्यात तरंगत ठेवायचे, म्हणजे पाणी स्वतःच ऊन पिऊन तापेल. ते पाणी दिसायचं बिनदुधाच्या चहासारखं. “एकदा पाज की हा चहा,” असं मी चिडवायचो. तो हसायचा नाही. अडचण एकच होती, कण एकमेकांना चिकटून तळाशी बसायचे. बऱ्याच वर्षांनी एक पाणी असं जमलं, की उन्हाळा आला तरी गाळ दिसेना. स्वारी भलतीच खुशीत होती.

नेमका त्याच उन्हाळ्यात दुष्काळ. जालना रोडला इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि आमचे नळ कोरडे. टँकर आला की गल्लीत एकच धांदल. हंडा, बादली, पातेलं, दिसेल ते भरायचं. भागवत कॉलेजात होता. त्याच्या चांदीच्या पाण्याचं गच्चीवरचं भांडं आटून अर्धं झालेलं... मावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, तेही टँकरच्या पाण्यानं काठोकाठ भरून ठेवलं. क्षारांचं पाणी ते, कणांना एकमेकांना चिकटवणारं. संध्याकाळी मी त्याच्यासोबत गेलो, तर चहाचा रंग उडालेला आणि तळाशी काळसर गाळ.

“अर्धं व्हतं म्हनून भरलं बाबा,” मावशी म्हणाल्या. “पुन्ना टँकर कधी येईल, काय नेम?”

मला वाटलं, आता हा घर डोक्यावर घेणार. भागवत गाळाकडं बघत राहिला, मग म्हणाला, “बरं केलं, आई.” हे प्रेमानं, की थकून, की ते पाणी आधीच बिघडत चाललंय हे त्याला ठाऊक होतं? मी विचारलं तेव्हा त्यानं परीक्षांचा विषय काढला. पुन्हा मात्र त्यानं तसं पाणी कधी केलं नाही. याचा मला फार राग येतो, आणि नेमका कोणाचा ते कळत नाही.

परवा भेटायला गेलो, तर मावशी गच्चीवर, भर उन्हात बसलेल्या.

“खरं सांग, माझ्यामुळं बिघडलं का रं त्याचं?”

काय सांगणार? मी इतिहासाचा माणूस. “नाही मावशी,” म्हणालो. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

त्यांनी यंत्राच्या काचेच्या नळीवर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला.

“लई तापलीय,” त्या म्हणाल्या. “म्हंजी चालतंय अजून.”

नळीत काहीच नव्हतं. त्या उन्हात गच्चीचा कठडाही तापला होता. मी मान हलवली. मग मावशींनी पदर हाताला गुंडाळला आणि ती नळी पुसायला घेतली... हळूहळू, ताप आलेल्या लेकराचं कपाळ पुसावं तशी.