रोज एकच फाईल

मधूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीत आरशापुढे दाढी करत होतो. फोन जवळच्याच गोरेगावचा, दादाच्या शेजारच्या शेषरावांचा. ते एवढंच म्हणाले, "बाळूभाऊ, दादा सकाळी उठलेच न्हाईत..." मी तसाच निघालो आणि जीपमध्ये बसलो. समोरच्या बाया माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं, माणसाचं दुःख लोकांना कळतं. गोरेगावला उतरल्यावर ध्यानात आलं की माझ्या एका गालाला साबण तसाच होता.

दादा माझा चुलत भाऊ, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. घरातल्या माणसांवर लिहून मी निम्म्या नातेवाइकांचा रोष घेतलाय. दादा तेवढा कधी रागावला नाही. त्याचा टायपिंगचा क्लास होता. नांदेडच्या एका कचेरीनं मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्यानं उचलून आणला, तेव्हा तो आमच्या भागात नवलाचा होता. पडद्यावर हिरवी अक्षरं, आणि आत विटेएवढी हार्ड डिस्क. चालू केली की ती आधी घुमायची, मग टकटक करायची. पुढं क्लास बंद पडला, नवे कॉम्प्युटर आले, पण दादानं हा काही काढला नाही. बिघडला की उघडायचा, पुसायचा, सुटलेल्या तारेला डाग द्यायचा, परत चालवायचा. त्याला मूलबाळ नव्हतं. मशीनच्या या लाडांना आम्ही पाठीमागं हसायचो. मी तर तोंडावरही हसायचो.

कुसुमवहिनी, म्हणजे दादाची बायको, दुपारी क्लास रिकामा असला की त्याच मशीनवर टायपिंगचा सराव करायच्या. निदान दादाची समजूत तशी होती. त्या गेल्या, आणि वर्षभरानं दादानं सहज त्यांची एक फाईल उघडली. सराव नव्हताच तो. मराठीच होतं, इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं. त्या दिवसाच्या चार-दोन ओळी. "आज शेंगा वाळू घातल्या. हे सेनगावला गेलेत. दार लावून लिहून राहिले, कुणी बघितलं तर हसंल." अशा शेकड्यानं फायली होत्या. ज्या बाईनं तीस वर्षांत नवऱ्याला जेवायला वाढताना चार वाक्यं धड ऐकवली नाहीत, तिनं सगळं त्या डब्यात सांगून ठेवलं होतं. दादानं तीन-चार फायली वाचल्या, आणि तेवढ्यात घराच्या स्लॅबचं काम निघालं.

आता माझा पराक्रम. धूळ नको म्हणून दादानं मशीन माझ्याकडे हिंगोलीला ठेवलं. जीपच्या धक्क्यांनी हलू नये म्हणून हार्ड डिस्क चालवणारं कार्ड त्यानं वेगळं काढून वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत मी ती पुडी उघडून पाहिली. एक हिरवी पाटी, हलकी फुलासारखी. डिस्क जड होती, म्हणून ती मोलाची; पाटी हलकी, म्हणून बिनकामाची. माझं स्वतःचं वजन मी याच हिशोबानं मिरवत आलोय. पाटी रद्दीबरोबर भंगारवाल्याला गेली आणि बदल्यात आमच्या घरात प्लास्टिकचा एक निळा टप आला.

दादा मशीन न्यायला आला तेव्हा मी सांगितलं. माझी कल्पना होती, कार्डच तर आहे, दुसरं मिळेल. तो बराच वेळ टपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाळू, ज्या जातीच्या कार्डानं लिहिलं ना, त्याच जातीच्या कार्डाला वाचता येतं रे ते. दुसऱ्याला डिस्क दिसते, पण तिच्यातलं उमजत न्हाई." आणि चहा मागितला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं...

पुढची तीन वर्षं दादानं तसलंच कार्ड शोधलं. नांदेड, परभणीची भंगाराची दुकानं पालथी घातली. मोबाईलवर अनोळखी माणसांना त्या हिरव्या पाटीचं वर्णन लिहून पाठवायचा. मिळालेली कार्डं बसवून बघायचा. पडद्यावर नकाराची एक ओळ यायची आणि तो नीट पुसून कार्ड बाजूला ठेवायचा. शेवटी लांब दक्षिणेतल्या कुणा म्हाताऱ्या गृहस्थांनी अगदी त्याच जातीचं कार्ड पार्सलनं धाडलं. मी रजा टाकून गेलो. तर डिस्कच फिरेना. इतकी वर्षं पडून आतलं वंगण गोठलं होतं. दादानं ती सुती पंच्यात गुंडाळून गच्चीवर उन्हात ठेवली. शेषरावांनी भिंतीवरून विचारलं, "दादा, औंदा पापड काहून एवढे जाड?" दादा म्हणाला, "तुझ्या वहिनीनं लाटलेत, जपून वाळवू दे."

ऊब लागल्यावर त्यानं डिस्कखालचं चाक बोटानं हलकेच ढकललं आणि मशीन चालू केलं. घुमण्याचा आवाज चढत गेला. मग टकटक. मग पडद्यावर ओळीनं वहिनींच्या फायलींची नावं... दादानं खुर्ची मागं सरकवली आणि उगाच चष्मा पुसत बसला.

मी म्हणालो, ही डिस्क आता घटकेची सोबती आहे, आत्ताच एकेक फाईल उघड, मी मोबाईलनं फोटो काढतो, दुपारपर्यंत सगळं हाताशी येईल. डोक्यावरचं ओझं उतरवायची मला घाई होती. दादा नाही म्हणाला. रोज सकाळी आंघोळ झाली की एक फाईल, बस्स. मी चिडलो. म्हणालो, उद्या ही बंद पडली तर?

"आन् आजच सगळं वाचून काढलं, तर मंग उद्या काय करू?"

दहाएक महिने तो तसंच करत राहिला. मी फोन केला की हवापाण्याचं बोलायचा. वहिनींनी काय लिहिलंय ते कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. विचारायचा हक्क मी टपाच्या बदल्यात देऊन बसलो होतो.

तेराव्यानंतर माणसं पांगली तसा मी मशीनच्या खोलीत गेलो. पडद्याच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर पेन्सिलीनं आकडे, एकेक खोडलेला. शेवटचा खोडलेला आकडा तीनशे बारा. पुढच्या फायली दादापर्यंत पोचल्याच नव्हत्या. मशीन चालू केलं. डिस्क रडतखडत फिरली. मी तीनशे तेरावी उघडली. दोनच ओळी.

"आज हे खुर्चीत बसून एकटेच हसत होते. काहून हसता विचारलं, तर सांगत न्हाईत."

मी ती दोनदा वाचली. तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचली, खोलीत कुणी नसताना. कशाला हसला होता तो त्या दुपारी? वहिनींना सांगितलं नाही. ही फाईल त्याच्या हाती लागली असती तर कदाचित आठवलं असतं, तो पुन्हा हसला असता, मी फोनवर विचारलं असतं तर मलाही सांगितलं असतं... एका सकाळीनं चुकलं.

खिशात मोबाईल होता. पुढच्या सगळ्या फायलींचे फोटो तासाभरात निघाले असते. मी चिठ्ठीवर तीनशे तेरा लिहिलं, खोडलं आणि मशीन बंद केलं. बंद केल्यावरही डिस्क थोडा वेळ फिरत राहते. तिचा आवाज पुरता विझेपर्यंत मी मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून उभा राहिलो. आता दर रविवारी गोरेगावला जातो. एकच उघडतो.