यादीतला एकोणचाळिसावा

"ताई, पुढं छापत नाय मी. खालचा आकडा जुळत नाय."

जनूकाकांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. सातिवलीच्या प्रेसमध्ये ते मशीनमन, मी डिझाइन आणि प्रूफरीडिंग बघते. एक कागद सहीचं प्रूफ, म्हणजे ग्राहकाने तपासून 'ओके' लिहून दिलेला नमुना. दुसरा, मशीनवरून नुकताच निघालेला पहिला कागद. काम होतं जपानच्या सम्राटांच्या तक्त्याचं. बोळिंजच्या लोपीस टीचर जपानी शिकवतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्या क्लासला जपानहून पाहुणे येणार होते आणि तक्ता त्यांच्यासमोरच लागणार होता.

सहीच्या प्रूफवर शेवटचा आकडा १२६. नव्या कागदावर १२५.

"बरोबर आहे, एक मी काढला," मी ऐटीत म्हणाले. एकोणचाळिसावा, कोबुन. लायब्ररीतल्या एका जुन्या पुस्तकाच्या यादीत तो नव्हताच. टीचरची चूक पकडली म्हणून मी खूश. ओळ उडवली, कॉम्प्युटरने पुढचे आकडे आपोआप वर सरकवले. सही झालेल्या प्रूफला ग्राहकाला न विचारता हात लावायचा नाही, हे प्रेसमध्ये मीच सगळ्यांना शिकवते!

"किती वर्षं होता गादीवर?" काकांनी विचारलं.

"वर्षं कसली, सात-आठ महिने. राज्याभिषेक झाला की नाही, त्यावरही वाद आहे."

काका फडक्याला हात पुसत राहिले. मग म्हणाले, "माजा बाप पन सातच महिने सरपंच होता. अविश्वास ठराव आला नि बापाची खुर्ची गेली. पुढच्यानं पंचायतीत नवा बोर्ड रंगवला, त्यात बापाचं नावच नाय. आता लोक म्हनतात, तो सरपंच नव्हताच. ताई, टीचरला एक फोन करा."

मी केला. काय केलं ते सांगितलं.

"अगं, काका-पुतण्याची लढाई झाली. पुतण्या, म्हणजे हा कोबुन, हरला, त्याने जीव दिला. काका सम्राट झाला. जुना इतिहास लिहिला गेला तो त्या काकाच्याच घराण्यात. ते पुतण्याला सम्राट म्हणतील होय? जवळजवळ बाराशे वर्षांनी त्याला यादीत जागा मिळाली, आणि तू ती एका दुपारी काढून घेतलीस! उद्या त्यांचा आजचा सम्राट एकशे पंचविसावा दिसला असता. मी तोंड कुठे लपवलं असतं?"

"टीचर, चुकलं माझं."

फाइल दुरुस्त केली, नवी प्लेट, म्हणजे छपाईचा पत्रा, काढायला लावली. काकांनी जेवण पुढे ढकललं आणि संध्याकाळपर्यंत तक्ते बांधून दिले. एका शब्दाने टोमणा मारला नाही. माझी इतक्या वर्षांची अब्रू त्या दिवशी त्यांनी राखली, हे मी कुणालाही मोकळेपणाने सांगते.

दुसऱ्या दिवशी एक वयस्कर पाहुणे तक्त्यावरून बोट फिरवत एकोणचाळीसवर थांबले, टीचरकडे बघून कमरेत वाकले. हे टीचरनी मला फोन करून सांगितलं.

तेव्हापासून 'ओके' झालेल्या प्रूफबद्दल शंका आली तर मी फोन उचलते, माउस नाही.

पुढच्या महिन्यात काकांच्या गावच्या पंचायतीने जुनी कागदपत्रं पाहून बोर्ड नव्याने करायचं ठरवलं. यादी मी हौसेने लावून दिली. वडिलांचं नाव अकरावं. प्रूफ काकांच्या हातात दिलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिले.

त्यांनी आधी खालचा आकडा तपासला.