मामाच्या काचघरासाठी एक डबा

शनिवारी सकाळी मामाचं पत्र आलं आणि तासाभरात मी ठाण्याहून निघाले. नोकरी सोडून त्यानं बदलापूरला मांजर्लीत काचघर उभारलं होतं, आत नुसते क्रोटन आणि नेचे. बाहेरून मागवलेल्या रोपांबरोबर झाडांचा रस पिणारा परदेशी पिठ्या ढेकूण शिरला. तंबाखूचं पाणी मारून मामा थकला होता. ‘उल्हासनगरहून पिठ्या खाणारे किडे आण. नाही मिळाले तर रविवारी कुंड्या जाळतो,’ असं लिहिलं होतं. किडे आणायला प्रवास! मला तर लग्नाला निघाल्याचा उत्साह आला होता.

शहाडला उतरून टांगा केला. तुम्ही जाणार असाल तर भाडं आधीच ठरवा, मी नंतर हुज्जत घालत बसले. फाळणीला पाच-सहा वर्षं झाली होती, निर्वासितांच्या छावणीच्या बराकींतून दुकानं थाटली होती. मामानं लिहिलेल्या बराकीत एक सिंधी आजोबा राहत, पूर्वी कराचीला माळीकाम करणारे. ते लाल भोपळ्यांवर मुद्दाम पिठ्या वाढवत आणि त्यावर काळ्या पाठीचे, तांबूस डोक्याचे ढालकिडे पोसत. मला पापड खायला घालून त्यांनी डबा हातात दिला.

“बेटी, बच्चे भी डाले हैं. संभालके ले जाना.”

बदलापूरच्या वाटेवर अंबरनाथला देवळाजवळच्या ओढ्याकाठी दशमीची शिदोरी सोडली. राहवेना म्हणून डबाही उघडला. काळे किडे पाच, बाकी सगळा कापसासारखा पांढरा पिठ्या! आजोबा म्हातारे, चुकून कीडच भरली असणार. मी केसांतल्या आकड्यानं पांढरं सगळं ओढ्यात उडवलं आणि स्वतःवर भलतीच खूश झाले.

मामानं भिंगातून डबा पाहिला.

“पिल्लं कुठायत गं?”

“पिल्लं नव्हतीच. पिठ्या होता, काढून टाकला.”

मामा कुंड्यांशेजारी खालीच बसला. “अगं, ढालकिड्याची पिल्लं तशीच दिसतात. खरी खादाड तीच.”

रागावला असता तर बरं वाटलं असतं. मामीनं केलेली तांदळाची भाकरी तशीच ठेवून मी परतीची गाडी पकडली.

घरी येऊन पिशवी झटकली तर शिवणीत एक पांढरं पिल्लू. चिरडायला बोट पुढे गेलंच होतं. रविवारी पहिल्या गाडीनं ते घेऊन पुन्हा मांजर्ली गाठली.

मामानं रॉकेलचा डबा बाहेर काढून ठेवला होता. काल सोडलेले पाच किडे पानाआड गेले होते, दिसत नव्हते. पिल्लू आम्ही सगळ्यात खराब क्रोटनवर सोडलं. ते दोन पावलं चाललं आणि एका पिठ्याला भिडलं. मामा बराच वेळ भिंग लावून बघत होता.

“हे रॉकेल आत ने,” तो म्हणाला. “मामीला स्टोव्हला लागेल.”