ड्राहोमीराची नव्वद मिनिटं

ड्राहोमीरा शाफ्रांकोवा ही माझ्या भावाची बायको. भाऊ गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. अठ्ठेचाळीस वर्षं माझं तिच्याशी पटत आलं आहे आणि तितकीच वर्षं मी तिच्यावर वैतागत आले आहे. प्रागपासून तासाभरावरच्या आमच्या कुत्ना होरा गावातल्या जुन्या चांदीच्या खाणीत ती एकतीस वर्षं लोकांना हिंडवत होती. अंगात पांढरा डगला, डोक्यावर टोप, हातात दिवा आणि तोंड चालू.

तोंड चालू, हीच अडचण. खाणीतली फेरी नव्वद मिनिटांची. बोगदा इतका अरुंद की जाड माणसाला अंग तिरकं करून जावं लागतं, आणि वाट एकाच दिशेची. पुढचा गट हलला नाही तर मागचा आत अडकतो आणि त्याच्या मागचा पायऱ्यांवर ताटकळतो. एप्रिलमध्ये व्यवस्थापक होरिनेक यांनी तिला बोलावलं. माणूस सभ्य, आवाज कधी चढत नाही.

"शाफ्रांकोवाबाई, मागच्या मोसमात तुमच्या किती फेऱ्या वेळेत संपल्या, सांगू?"

"सांगा."

"तीन. त्या आठवड्यात तुमचा घसा बसला होता."

शनिवारी ते स्वतः गटाबरोबर येणार होते. फेरी वेळेत संपली तर ठीक, नाही तर सोमवारपासून तिनं वर बसून पर्यटकांना डगले वाटायचे. खाणीत पुन्हा पाऊल नाही.

ती तडक माझ्याकडे आली. मी पस्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. तास वेळेत संपवणं म्हणजे काय ते मला कळतं. स्वयंपाकघरातलं टिकटिक करणारं घड्याळ टेबलावर ठेवलं, तिच्यापुढे कॉफी ठेवली आणि लाल पेन्सिल घेऊन बसले.

"संत बार्बोराचं चर्च काढून टाक," मी म्हटलं.

"ते कसं काढू?"

"ते खाणीत नाहीच मुळी. टेकडीवर आहे. लोक जातील आणि बघतील."

"बघतील गं, पण पाचशे वर्षं ते अर्धवट का पडून राहिलं हे कोण सांगणार? इथली चांदी आटली म्हणून तिथलं छप्पर थांबलं. हे खाणीतच सांगायला नको?"

"नको. टाकसाळ?"

"टाकसाळ राहू दे."

"दोन मिनिटं राहू दे. सध्या अकरा आहेत. ओसेल खाणीत पाणी शिरल्याची गोष्ट?"

यावर ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. मी तीही गोष्ट खोडली. तिच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्याच भावाची, एक आठवण होती, तीही खोडली. चार संध्याकाळी हेच चाललं. अखेर अठ्ठ्याऐंशी मिनिटांवर आलो.

"आणि हाडं," मी बजावलं. "हाडांबद्दल एक शब्द नाही."

हे बजावणं भाग होतं. प्रागहून येणारे लोक गावाबाहेर सेडलेत्सलाच उतरतात, हाडांनी सजवलेल्या चर्चमध्ये अर्धा तास कवट्यांचे फोटो काढतात आणि पुढच्या गाडीनं परत जातात. ज्या गावाच्या चांदीवर सगळं राज्य चाललं ते गाव त्यांना दिसतही नाही. ड्राहोमीरा हा स्वतःचा अपमान समजते.

"कोणी विचारलंच तर?"

"सेडलेत्सला जाऊन विचारा म्हणायचं. शपथ घे."

तिनं शपथ घेतली.

शनिवारी मीही तिकीट काढून गेले. गटात वीस माणसं, सर्वांत मागे होरिनेक आणि त्यांचं घड्याळ. ड्राहोमीरा अशी आटोपशीर बोलत होती की मलाच परकी वाटायला लागली. एकसष्टाव्या मिनिटाला आम्ही खालच्या दालनात पोचलो. इथे सगळ्यांनी दिवे मालवायचे आणि एक मिनिट गप्प उभं राहायचं, असा रिवाज आहे. गाइडनं सांगितल्याशिवाय कोणी दिवा लावायचा नाही. तसा फलकच आहे भिंतीवर, खुद्द होरिनेक यांनी लावलेला.

दिवे मालवले. काळामिट्ट अंधार. आणि त्या अंधारात एका गृहस्थानं विचारलं, "ती चर्चमधली हाडं इथल्या कामगारांचीच का हो?"

मी डोळे मिटून घेतले. काही फरक पडला नाही.

"नाही," ड्राहोमीराचा आवाज आला. "ती साथीत आणि लढायांत मेलेल्यांची. इथल्या माणसांचं काय झालं ते ऐका."

आणि तिनं सुरू केलं. ढुंगणाला चामडं बांधून माणसं अंधारात घसरत खाली कशी उतरायची. चरबीचा दिवा किती वेळ पुरायचा. दिवसभर छिन्नी चालवून बोटभर दगड कसा फुटायचा, आणि चाळिशीत छाती कशी वाजायला लागायची. टाकसाळीची अकरा मिनिटं अकराच्या अकरा आली. ओसेलमधलं पाणी आलं, बार्बोराचं छप्पर आलं, माझा भाऊसुद्धा आला. मी लाल पेन्सिलीनं खोडलेलं सगळं ओळीनं हजर.

आणि दिवा कोणी लावेल तर शपथ. वीस माणसं हातात धडधाकट दिवे घेऊन, फलकावर लिहिलंय म्हणून ढिम्म उभी. मीही त्यांतलीच. मध्येच बोगद्याच्या वळणावर उजेड दिसला. मागचा गट येऊन ठेपला होता. मला वाटलं, सुटलो. तर त्यांनी इथे अंधार पाहिला आणि रिवाजाप्रमाणे आपलेही दिवे मालवून टाकले. त्यांच्या मागच्यांनीही तेच केलं. आता साठ माणसं काळोखात उभी.

"दिवे लावा," ती शेवटी म्हणाली.

बाहेर आलो तेव्हा होरिनेक यांनी घड्याळ पाहिलं. "एकशे अठरा, शाफ्रांकोवाबाई."

"हो," ती म्हणाली.

मला राहवलं नाही. "अहो, तुम्ही व्यवस्थापक ना? मग तुम्ही का नाही दिवा लावलात?"

"फलक माझाच आहे, बाई," ते म्हणाले. मग घड्याळ खिशात टाकत, "आणि ओसेलमध्ये पाणी कुठून शिरलं ते त्या नेमकं तेव्हाच सांगत होत्या."

पण शब्द त्यांनी पाळला. सोमवारपासून डगले. मी रागानं दोन पानी तक्रार लिहून तिच्या सहीसाठी नेली. तिनं वाचलीही नाही.

"भांडायचं कशावरून? त्यांनी नव्वद सांगितली होती, मी एकशे अठरा घेतली."

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं की. खाली जायला मिळणार नाही म्हणून रडले काल." तिनं कागद घडी करून मला परत दिला. "पण एकतीस वर्षांत शेवटपर्यंत कधी सांगता आलं नव्हतं, व्लास्ता. दर वेळी मागून कोणीतरी ढकलायचंच."

अशा बाईसाठी काय करायचं? मंगळवारी तिला धीर द्यायला म्हणून गेले. टेबलामागे ती मापाप्रमाणे डगल्यांचे ढीग लावून उभी होती. वर न बघताच तिनं मोठ्या मापाचा एक डगला माझ्यापुढे सरकवला.

"मला नको. मी तुला भेटायला आलेय."

"मग रांगेतून बाजूला हो," ती म्हणाली. "लोकांची फेरीची वेळ होतेय."